चढ वगळून

बर्फ मी जन्मात पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळीबाजारातल्या पेट्यांत. तेव्हा बर्फाच्या डोंगरावरून घसरण्याच्या खेळाविषयी लिहिण्याचा मला अधिकार कोणता, असे वाचक विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. माझा अधिकार इतकाच, की मी वाचतो. आणि ज्याविषयी मी आवडीने वाचतो ते बहुधा मला कधी करता आलेले नसते. समुद्रावरच्या कादंबऱ्या मी वाचल्या त्या घाटमाथ्यावरच्या एका गावात, आणि आल्प्स पर्वतावरचे लेख वाचतो आहे ते ऑक्टोबरच्या उकाड्यात, चकलीचे भाजणीपीठ दळून आणण्याची ताकीद कानांवर येत असताना.

निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. हा मुलगा चार वर्षांपासून झुरिचला नोकरी करतो. तिकडे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो स्की शिकला आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्याला डोंगरांचे वेड लागले. मागच्या वर्षी त्याने मला एक चित्रफीत पाठवली. पाइनच्या झाडीतून दोन माणसे चढ चढत होती. परंतु त्यांच्या चढण्यात काहीतरी चुकत होते. खांदे हलत नव्हते, छाती भात्यासारखी वरखाली होत नव्हती. एखाद्या देवस्थानच्या पालखीत बसल्यासारखी ती माणसे उभ्या उभ्या डोंगरावर सरकत होती. खाली भाच्याने लिहिले होते: “मामा, तुम्हांला हे मुळीच आवडणार नाही, म्हणून मुद्दाम पाठवतो आहे.”

भाच्याला मामाची नाडी बरोबर सापडली होती. मला ते आवडले नाही. परंतु का आवडले नाही हे नीट सांगता येईना, आणि ज्या समीक्षकाला आपल्या नावडीचे कारण सांगता येत नाही त्याने कागद खराब करू नये असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

प्रथम प्रकार काय आहे तो सांगितला पाहिजे. स्की खेळणारे बहुतेक लोक यांत्रिक पाळण्यांतून किंवा दोराला धरून वर जातात आणि घसरत खाली येतात. पण काही थोडे लोक ह्या गर्दीपासून दूर, जिथे पाळणाही नाही आणि दोरही नाही अशा डोंगरांवर स्वतःच्या पायांनी चढतात. ते स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ही पट्टी सील माशाच्या कातड्याची असे (सील हा मासा नव्हे हे विज्ञानाचे मास्तर मला लगेच सांगतील, पण आमच्या घरी तो मासाच आहे). आता ती अंगोरा शेळीच्या लोकरीची किंवा नायलॉनची करतात. तिचे केस मागच्या दिशेला झुकलेले असतात. पुढे सरकवली की सुळकन सरकते, मागे घसरू लागली की केस उभे राहून बर्फाला धरून ठेवतात. मांजरीच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहावा, म्हणजे सगळे तत्त्व ध्यानात येईल. बुटाची टाच मोकळी ठेवायची, बोटांकडची बाजू अडकवायची, आणि नागमोडी वाटेने दोन-दोन, चार-चार तास वर जायचे. माथ्यावर पोचल्यावर पट्ट्या सोलून काढायच्या, टाचा अडकवायच्या, आणि मग वीस मिनिटांत सगळी कमाई उधळीत खाली यायचे.

चार तास वर आणि वीस मिनिटे खाली! हा हिशेब ज्याच्या व्यवहारी मनाला खुपला असेल त्यानेच ही नवी यंत्रे काढली असणार. त्यांत दोन जाती मला दिसल्या. एकीत स्कीलाच लहानशी मोटार व बॅटरी जोडतात आणि तळाशी दातेरी पट्टा फिरत राहतो, जसा लष्करी रणगाड्याच्या चाकांवर फिरतो. वर पोचले की हे सगळे काढून सॅकमध्ये टाकायचे. स्वित्झर्लंडमध्ये ‘ई-स्किमो’ नावाने अशी जोडी तयार झाली आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लास व्हेगास येथील प्रदर्शनात ती मांडली गेली. दुसरी जात दोराची. हिच्यात सॅकमध्ये मावेल असे बॅटरीवर चालणारे एक यंत्र असते. वरच्या एखाद्या दणकट झाडाला लांब दोर बांधायचा, यंत्राने दोर पकडायचा आणि आपण यंत्राला धरायचे, म्हणजे ते दोरावरून वर चढत आपल्याला ओढून नेते.

ह्या दोन जातींतली दुसरी मला अधिक पसंत आहे, आणि त्याचे कारण शुद्ध वाङ्मयीन आहे. दोर वरच्या झाडाला बांधायचा तर कोणीतरी एकदा पायांनी वर गेलेच पाहिजे. म्हणजे ह्या यंत्राच्या कथेला पहिले प्रकरण आहे. पुढची दहा प्रकरणे भले सारखीच असोत. पहिले प्रकरण घाम गाळून लिहावे लागते. फिरत्या पट्ट्याच्या कथेला मात्र सुरुवातच नाही. ती मधूनच सुरू होते, बटण दाबून.

आता ज्या लेखाचा मला खरा परामर्श घ्यावयाचा आहे त्याच्याकडे वळतो. शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉइल आपल्या घराघरांतला आहे. त्याने स्कीवर लिहिलेला एक लेख १८९४ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात आला होता. माझे इंग्रजी शाळेपुरते; तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून तो दोनदा वाचला. १८९३ मध्ये डॉइलची पत्नी लुईझा हिला क्षय झाल्याचे कळले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. उंचावरची कोरडी थंड हवा हेच औषध. म्हणून हे कुटुंब दावोस येथे जाऊन राहिले. खुर्च्यांवर पांघरुणे घेऊन पडून राहिलेल्या रोग्यांच्या त्या गावात हा धिप्पाड, चळवळ्या माणूस काय करणार? त्याने नान्सेनने ग्रीनलंड स्कीवरून ओलांडले ती हकिकत वाचली होती. गावात टोबियास आणि योहानेस ब्रांगर नावाचे दोन भाऊ होते. त्यांनी आदल्या वर्षी दावोसहून मायेनफेल्डर फुर्का नावाची खिंड ओलांडून आरोसा गाठले होते. २३ मार्च १८९४ रोजी ते डॉइलला घेऊन पुन्हा त्याच वाटेने निघाले.

खिंड सुमारे २,४४० मीटर उंच, आणि दावोसहून चढ सुमारे ९०० मीटरांचा. लेख हसरा आहे. स्की ही जगातली सर्वांत लहरी वस्तू, असे म्हणून डॉइल स्वतःच्या फजितीचे पाढे वाचतो. एका अवघड उतारावर ब्रांगर बंधूंनी स्की पायांतून काढून, एकत्र बांधून त्यांची घसरगाडी केली. डॉइल बसला, पण त्याची गाडी त्याला सोडून गेली आणि साहेब आपल्या बैठकीवरच उतार उतरले. त्याच्या पाटलोणीच्या कापडाविषयी शिंप्याने जी खात्री दिली होती तिची त्याने जी टर उडवली आहे ती वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि स्वयंपाकघरातून “काय झालं?” अशी पृच्छा झाली. आरोसाच्या हॉटेलात टोबियासने तिघांची नोंद केली तेव्हा डॉइलच्या नावापुढे व्यवसाय म्हणून ‘खेळाडू’ असे लिहिले. ह्याचा त्या जगप्रसिद्ध लेखकाला कोण आनंद!

लेख वाचून झाल्यावर वाचकाला आठवते ती घसरण. ते साहजिक आहे. फजिती नेहमी उतारावरच होते. परंतु दुसऱ्यांदा वाचताना मला चढ दिसला. पहाटेचा अंधार, जांभळ्या आभाळातला तो मोठा फिका चंद्र, तारे, आणि नागमोडी वळणे घेत मुकाट्याने चाललेली तीन माणसे. तेथे विनोद थांबतो. लेखक आपल्याविषयी बोलावयाचे विसरतो आणि पाहू लागतो. माझ्या मते सबंध लेखात सच्चा गद्यलेखक जागा झालेला आहे तो ह्या ठिकाणी. पुढच्या सगळ्या घसरगुंडीला जी चव आली आहे ती ह्या मुक्या तासांमुळे. हे तास काढून टाका, खिंडीच्या माथ्यावरून लेख सुरू करा, आणि पाहा काय उरते: एक साहेब पडला, पुन्हा पडला, आणि मग हॉटेलात जेवला.

मला आणखी एक गोष्ट जाणवली. ह्याच ‘स्ट्रँड’ मासिकात बरोबर एक वर्ष आधी, १८९३ च्या डिसेंबरात, डॉइलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्याच रायखेनबाख धबधब्यात लोटून दिले होते. वाचकांनी आकांत केला. पुढे १९०३ मध्ये होम्सला परत आणणे भाग पडले, तेव्हा लेखकाने काय युक्ती केली? होम्स पडलाच नव्हता. तो कड्याला धरून वर चढला होता! खाली लोटणे एका वाक्यात जमले. माणूस जिवंत परत आणावयाचा म्हणताच लेखकाला चढ लिहावा लागला, हाताला लागणाऱ्या खडकांसकट, पायाखालून निसटणाऱ्या मातीसकट. हा योगायोग असेल. पण कादंबरी लिहिणाऱ्याला असले योगायोग फार बोलके वाटतात. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिका घर सोडून जाते तो प्रसंग मी उत्साहाच्या भरात पाचव्याच पानावर लिहिला होता. संपादकांनी हस्तलिखित परत पाठवताना एवढेच लिहिले होते, की ही बाई कुठल्या घरातून गेली ते आम्हांला कळले नाही, म्हणून ती गेल्याचे दुःखही झाले नाही. त्या दोन ओळींसाठी मी पुढे दीडशे पाने लिहिली.

इथवर मजकूर माझ्या बाजूने चालला आहे. आता उलट बाजू.

माणसाला चढावर ओढून नेणारे पहिले यंत्र कोणा चैनखोर उमरावाने काढलेले नाही. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात शोलाख नावाचे खेडे आहे. तेथला रॉबर्ट विंटरहाल्डर हा शेतकरी आणि खाणावळवाला. त्याच्याकडे हवापालटासाठी पाहुणे येत आणि टेकडी चढताना त्यांना धाप लागे. विंटरहाल्डरजवळ पीठ दळण्याची पाणचक्की होती. त्याने त्या चक्कीच्या बळावर एक दोर फिरता केला, त्याला धरण्याच्या मुठी लावल्या, आणि १४ फेब्रुवारी १९०८ रोजी जगातली पहिली स्कीची ओढगाडी सुरू झाली. लांबी २८० मीटर, चढ ३२ मीटर. ज्या पाण्याने भाकरीचे पीठ दळायचे त्याच पाण्याने पाहुण्याला टेकडीवर न्यायचे. ह्या कल्पनेत काय वावगे आहे? मला तर तीत एक प्रकारची माया दिसते.

मग हे लोण पसरले. १९३४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्हरमॉन्ट राज्यात वुडस्टॉक येथे गुरांच्या कुरणावर फोर्ड मोटारीचे इंजिन लावून दोर फिरवला गेला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी एर्न्स्ट कॉन्स्टाम नावाच्या इंजिनिअरने आपली ओढगाडी सुरू केली, आणि ती कोठे? दावोसला. जेथून चाळीस वर्षांपूर्वी डॉइल अंधारात चालत निघाला होता त्याच दावोसला. आपल्याकडे गुलमर्गचा पाळणा १९९८ मध्ये सुरू झाला, २००५ पासून तो अफरवटच्या अंगावर ३,९०० मीटरांच्याही वर जातो. नवपरिणीत जोडपी त्यात बसून जातात आणि बर्फाचा गोळा एकमेकांवर फेकून परत येतात. त्यांनी चालत जावे असे म्हणणारा मी कोण? दावोसच्या खुर्चीत पडलेल्या लुईझाबाईंना कोणी असल्या पाळण्यातून खिंडीवर नेले असते, तर त्या पतीने त्या यंत्राचे पाय धरले असते.

तेव्हा यंत्राने माणसाला वर न्यावे की नेऊ नये, हा वाद शंभर वर्षांपूर्वीच संपला. नव्या यंत्रांचे वेगळेपण असे, की जुना पाळणा एका जागी रोवलेला होता. त्याच्या खालचा उतार कोणीतरी तपासलेला असे, धोक्याची पाटी लावलेली असे, संध्याकाळी तो बंद होई. हे नवे यंत्र पाठीवर बसून माणसाबरोबर कोठेही जाते, जेथे पाटी लावणारा कोणी नाही तेथेही.

ह्या ठिकाणी मी खडू हातात घेतो. माणूस, त्याचे कपडे, सामान मिळून ८० किलो धरा. डॉइलचा ९०० मीटरांचा चढ. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यावयास जी शक्ती लागते तिचा हिशेब केला तर तो सुमारे २०० वॅट-तास येतो. आमच्या वर्गातला ७५ वॅटचा पंखा पावणेतीन तास फिरेल, इतकी वीज! घर्षण, मोटारीतली गळती वगैरे धरली तर आणखी थोडी. मला तर वाटले होते कोणास ठाऊक किती लागत असेल. मानवी शरीर मात्र उधळे आहे. खाल्लेल्या अन्नातला चौथा-पाचवा हिस्साच त्याच्या कष्टात उतरतो, बाकीचा नुसता ऊब होऊन जातो. म्हणून त्याच चढाला आपल्याला सातशे-आठशे कॅलरी, म्हणजे चार-पाच जाड भाकऱ्या लागतील. हिशेबात यंत्र सरळ जिंकते. त्याचे वैगुण्य एकच: थंडीत लिथियमची बॅटरी आखडते आणि भर डोंगरात कमी पडू शकते, तर माणसाच्या अंगातली ती वाया गेलेली ऊबच त्याला थंडीत जिवंत ठेवते. मुकाट उभे राहून वर ओढल्या जाणाऱ्याला अंगरखा एक जास्त घ्यावा लागेल, असे मला वाटते.

परंतु माझ्या नावडीचे खरे कारण मला हिशेबात सापडले नाही. ते भाच्याच्या एका जुन्या पत्रात सापडले. मी पत्रच म्हणतो. ते आले होते फोनवरच, पण मुलाने मन लावून लिहिले होते. पहिल्यांदा पायांनी मोठा डोंगर चढावयास गेला त्या दिवसाचे ते वर्णन. तो लिहितो: “पहिला तासभर मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या तासात पुढच्याच्या स्कीचा आवाज ऐकू यायला लागला. तिसऱ्या तासात काहीच नाही. आणि मग पायाखालून ‘हुम्म’ असा एक आवाज आला, कोणी तळघरात पोतं टाकावं तसा. सगळे जागच्या जागी थांबले. कोणी काही बोललं नाही. मग पुढच्या बाईंनी काठीने मागे वळायची खूण केली.”

तो आवाज काय असतो हे मी नंतर वाचून काढले. बर्फ हिवाळाभर थराथरांनी साचतो. त्यांत एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहतो. त्याच्यावर माणसाचे वजन पडले की तो दबतो आणि वरचा सबंध थर एकदम खाली बसतो. त्याचा तो हुंकार. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर हाच थर तुटून खाली धावतो, आणि त्यात सापडणारे लोक बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच तो तोडतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा असते; नंतर ती झपाट्याने मावळते. म्हणून जाणती माणसे चढताना डोंगर वाचीत जातात. काठी खुपसून थर चाचपतात, वाऱ्याने कोठे बर्फ साठवला आहे ते पाहतात, पायाखाली कान ठेवतात. वर जाण्याचे ते चार तास म्हणजे खाली येण्याच्या वीस मिनिटांचा अभ्यास असतो. मला हे कळले आणि माझ्या नावडीला एकदम हाडे फुटली. चढ हा उताराचा धडा आहे. आणि नुसते मार्गदर्शक वाचून परीक्षेला बसलेली मुले मी वीस वर्षे पाहतो आहे.

मी हे भाच्याला लिहिले. त्याने दोन वाक्यांत उत्तर दिले: “मामा, हळू चढणारा माणूस धोक्याच्या उताराखाली जास्त वेळ राहतो. आमच्याकडे लवकर निसटणं हीसुद्धा अक्कल समजतात.” हे खरे आहे, आणि ह्याला माझ्याजवळ उत्तर नाही. मोटारीच्या गुणगुणीत तो हुंकार ऐकू येईल का, एवढे मी विचारले. त्यावर उत्तर आले नाही.

ह्या वादात एक साक्षीदार बोलावतो. आर्नल्ड लन हा जन्मला आपल्या मद्रासेत, १८८८ मध्ये. वडील मिशनरी होते. पुढे तो स्कीच्या खेळाचा शास्त्रकार झाला. १९२२ मध्ये म्युरेन येथे त्याने वळणांच्या शर्यतीचे नवे नियम घालून दिले आणि उतारावरच्या शर्यतींना जगात मानाचे स्थान मिळवून दिले. १९०९ मध्ये वेल्समधल्या एका डोंगरावरून पडून त्याचा पाय मोडला होता आणि तो कायमचा आखूड राहिला. यंत्राचा आधार घेण्याचा हक्क कोणाला असेल तर ह्या माणसाला होता. त्याने काय केले? त्या आखूड पायाने १९१७ मध्ये तो डोम शिखरावर, म्हणजे साडेचार हजार मीटरांवर, स्की घेऊन चढला. १९२४ मध्ये आयगरवर. आणि उतरत्या वयात, दोर आणि पाळण्यांनी फक्त उतारापुरते उरलेले, दाबून गुळगुळीत केलेल्या वाटांवरचे स्कीइंग पाहून त्याला खंत वाटू लागली. उताराच्या खेळाचे वेड ज्याने जगाला लावले, त्यालाच चढ हरवल्याची चुटपुट लागावी! त्याच्याइतका मोठा साक्षीदार माझ्या बाजूने असताना मी खटला जिंकलाच असे मी धरून चाललो होतो.

गेल्या मार्चमध्ये भाच्याचे दुसरे पत्र आले. फिरत्या पट्ट्याच्या एका जोडीची त्याला दिवसभर चाचणी करावयास मिळाली होती. पत्राचा पहिला भाग असा: निघताना बॅटरी शंभर टक्के, झाडी संपली तेव्हा एकाहत्तर, खिंडीखाली शेहेचाळीस, वर पोचायला पन्नास मिनिटे, हवा छान. हे पत्र नव्हे, हे विजेचे बिल झाले असे मी मनाशी म्हणालो, आणि खरे सांगतो, मला आसुरी आनंद झाला. पहिल्या पत्रातला तो श्वास, ती तळघरातल्या पोत्याची उपमा कोठे, आणि हे आकडे कोठे! माझा सिद्धांत माझ्याच घरात सिद्ध झाला होता. तोच मुलगा, त्याच प्रांतातले डोंगर. आणि चढ वगळताच भाषा आटली.

पण पत्राला दुसरा भाग होता. भाच्याबरोबर त्याचे घरमालक गेले होते. वय एकाहत्तर, निवृत्त ट्रामचालक, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले. तरुणपणी ते दर हिवाळ्यात त्या खिंडीवर चढत. शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षे ते तिकडे फिरकले नव्हते. आता यंत्राची दुसरी जोडी त्यांना मिळाली होती. भाचा लिहितो:

“वर पोचल्यावर सगळे लोक पलीकडची शिखरं बघतात. हे पाठ करून उभे राहिले आणि आलो त्या बाजूला बघत बसले. मला म्हणाले, तो मोठा खडक दिसतो का, तिथे माझा भाऊ नेहमी संत्रं सोलायचा. त्याच्या खालच्या वळणावर बायकोचा बूट फाटला होता. प्रत्येक वळणाचं त्यांच्याकडे काहीतरी होतं. मामा, पन्नास मिनिटांत मी त्या सगळ्या वळणांवरून आलो होतो आणि मला एकही आठवत नव्हतं. ते काठीने दाखवत होते आणि मी पहिल्यांदा बघत होतो.”

हा परिच्छेद मी तीनदा वाचला. पहिल्या पत्रात इतके चांगले काही नाही, हे मला समीक्षक म्हणून कबूल केले पाहिजे. आणि तो यंत्रानेच दिलेला आहे. पट्टा फिरला नसता तर ते गृहस्थ खालच्या गावात कॉफी पीत बसले असते. ते संत्रे आणि तो फाटका बूट त्यांच्याबरोबरच संपले असते. मी म्हणत होतो की यंत्राच्या कथेला सुरुवात नसते. ह्या म्हाताऱ्याच्या कथेला होती. ती पन्नास वर्षांपूर्वी पायांनी लिहून झाली होती आणि त्या दिवशी तो ती फक्त पुन्हा वाचीत होता. पुन्हा वाचणाऱ्याने पाने भरभर उलटली म्हणून कोणी त्याला बोल लावीत नाही. माझी तक्रार त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणाविषयी शिल्लक राहते, आणि ती त्या तरुणाने माझ्याआधी स्वतःच लिहून टाकली आहे.

दोघांत मग काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पण नवरात्रात भाच्याचा निरोप आला की ह्या जानेवारीत दोघे पुन्हा त्याच खिंडीवर जाणार आहेत. म्हातारबुवा मोटारीवर, हा केसाळ पट्ट्यांवर. वेगाचा मेळ कसा बसणार म्हणून मी विचारले. तो म्हणाला, तेच ठरवले आहे: घरमालक एकेका वळणापर्यंत पुढे जाऊन मोटार बंद करून थांबणार, हा पोचेपर्यंत. त्यांच्या मते संत्र्याच्या खडकापाशी याला निदान अर्धा तास लागेल. थंडीत इतका वेळ बसायचे म्हणून ते एक जाड घोंगडी घेणार आहेत, आणि भाच्याने आपल्या आईकडून डिंकाचे लाडू मागवले आहेत. डबा कालच टपालात टाकला. फोटो पाठवू नकोस, लिहून पाठव, अशी चिठ्ठी मी वरच्या लाडवांवर ठेवली आहे.